भिंतीच्या सजावटीसाठी पॅलेटचे लाकूड: आयात पाइन घ्यावे की देशी?

जुन्या पॅलेटच्या, म्हणजे माल रचून वाहून नेण्याच्या लाकडी चौकटीच्या, फळ्यांतून घरासाठी एखादी कलाकृती करायचे ठरवले, तर ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या औद्योगिक पट्ट्यात माल सहज मिळतो. अडचण असते ती निवडीची. न्हावा शेवा बंदरात परदेशी मालाबरोबर उतरलेले पाइनचे पॅलेट आणि इथल्याच कारखान्यांत फिरलेले आंबा, निलगिरी, बाभूळ अशा मिश्र लाकडाचे पॅलेट भंगारात अनेकदा एकाच थप्पीत रचलेले असतात.

आयात पॅलेटच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याच्यावरचा शिक्का. गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाची दोन अक्षरे आणि प्रक्रियेची खूण त्यात असते. ‘एचटी’ असेल, तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे राखलेले आहे, असे समजावे; ‘एमबी’ असेल, तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, आणि असा पॅलेट कितीही स्वस्त मिळाला तरी तो घरात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. देशी पॅलेटवर बहुधा शिक्का नसतो. त्यावरून त्याला घातक मानण्याचे कारण नाही, कारण शिक्क्याचा नियम आंतरराष्ट्रीय वाहतुकीपुरताच आहे. मात्र नंतर पॅलेटवर काय सांडले, हे कोणताच शिक्का सांगत नाही; म्हणून तेलकट डाग असलेली किंवा उग्र वास येणारी फळी दोन्ही प्रकारांत बाजूला काढावी. उष्णतेच्या प्रक्रियेने आतली कीड मरते, पण पुढे वाळवी लागणार नाही याची हमी मिळत नाही.

कामाच्या दृष्टीने पाइन नवशिक्याला सोपे जाते. ते मऊ असल्याने हातकरवतीने कापता येते आणि पॉलिश पेपरने लवकर गुळगुळीत होते. त्याच्या गाठींतील राळ मात्र काही महिन्यांनी पांढऱ्या रंगातून पिवळसर डागांच्या रूपाने वर येते, म्हणून रंगाआधी गाठींवर लाखेच्या पॉलिशचा हात द्यावा. देशी कठीण लाकडाचे सौंदर्य वेगळे आहे: बाभळीसारख्या लाकडात लोखंडी खिळ्याभोवती टॅनिन या लाकडातल्या तुरट द्रव्यामुळे निळसर-काळे वलय उमटते, आणि ते जपले तर फळीला जो जुनेपणा येतो, तो रंगाने आणता येत नाही.

खिळे हा दोन्हींतला कष्टाचा भाग आहे. पिळाचे खिळे पटाशीने उचकटायला गेले, की फळीची टोके फाटतात. त्याऐवजी फळी आणि ठोकळा यांच्या फटीत हॅक्सॉचे पाते घालून खिळे कापावेत. खिळ्यांची डोकी शोभेसाठी ठेवायची असतील, तर त्या फळीवर रंधा मारता येत नाही, कारण एक खिळासुद्धा पाते खराब करतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पॅलेट जिथून घेतला तिथेच तो सुटा करून फळ्या घासून घ्याव्यात. ती धूळ बंद खोलीत नको, आणि तिथेही मास्क हवाच.

वजनाचा विचार भिंत पाहून करावा. चार बाय तीन फुटांचे, 18 मिलिमीटर जाडीचे पाइनचे पॅनेल साधारण 10 किलो भरते, तर बाभळीचे 15 किलोच्या आसपास जाते. नवीन इमारतींतील सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ठोकळ्यांच्या, भिंतीत साधा स्क्रू नीट पकड घेत नाही, त्यासाठी वेगळे अँकर लागतात. म्हणूनच भिंतीवरच्या कामासाठी मी एचटी पाइन सुचवेन. देशी लाकूड बाक किंवा कुंड्यांच्या मांडणीसाठी राखावे, कारण तिथे त्याचा कणखरपणा उपयोगी पडतो.

खाडीलगतच्या ऐरोली-वाशीसारख्या भागांत पावसाळी दमटपणामुळे कोणतीही फळी रुंदीत फुगते. उन्हाळ्यात घट्ट भिडवून बसवलेल्या फळ्या जुलैमध्ये एकमेकींना रेटून मधोमध उचलल्या जातात; त्यामुळे जोडताना दोन फळ्यांमध्ये बारीक फट ठेवावी, आणि पॉलिश मागच्या बाजूलाही द्यावे.