एक्सएमरिग आणि लॅपटॉप : एका मायनिंग प्रोग्रामचे परीक्षण

लॅपटॉपवर मायनिंग (म्हणजे संगणकाला गणिते करायला लावून आभासी चलन मिळवणे) करता येईल का, असे विचारणाऱ्याच्या मनात बहुधा बिटकॉइन असते, आणि त्या बाबतीत उत्तर लांबवण्यात अर्थ नाही. साधा लॅपटॉप बिटकॉइनच्या गणिताला बसवला, तर त्याचा प्रोसेसर सेकंदाला काही कोटी हॅश, म्हणजे त्या गणिताची उत्तरे, काढील. याच एका कामासाठी घडवलेले आजचे असिक यंत्र सेकंदाला २०० टेराहॅशच्या आसपास काढते (एक टेराहॅश म्हणजे एक लाख कोटी हॅश). म्हणजे अशा एकाच यंत्राची बरोबरी करायची, तर लाखो लॅपटॉप लागतील. ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपना काही वर्षे इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाची वाट मोकळी होती, पण १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि ती वाटही बुजली. प्रोसेसरच्या जोरावर आजही ज्यात भाग घेता येतो, असे ठळक नाव उरते ते मोनेरो या आभासी चलनाचे, आणि मोनेरोच्या मायनिंगसाठी सर्वांत परिचित प्रोग्राम म्हणजे एक्सएमरिग. हे परीक्षण त्या प्रोग्रामचे आहे. मात्र लॅपटॉपवर चालवलेल्या प्रोग्रामचे, कारण मोकळी हवा आणि मोठा पंखा लाभलेल्या डेस्कटॉपवर तोच प्रोग्राम बराच वेगळा वागतो.

मोनेरोने ३० नोव्हेंबर २०१९ पासून रँडमएक्स ही पद्धत स्वीकारली. असिक यंत्रांना वाव राहू नये आणि सर्वसाधारण प्रोसेसरलाच हे काम करता यावे, हा तिच्यामागचा हेतू आहे. म्हणून ती एकच ठरावीक गणित पुन्हा पुन्हा करून घेत नाही, तर दर वेळी यादृच्छिक सूचनांचे नवे छोटे प्रोग्राम तयार करते आणि ते प्रोसेसरकडून चालवून घेते. त्यासाठी २ जीबीहून थोडा मोठा माहितीसाठा मेमरीत तयार ठेवावा लागतो आणि प्रत्येक थ्रेडला, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या प्रत्येक धारेला, प्रोसेसरच्या एल-३ कॅशमध्ये (त्याच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) २ एमबी जागा लागते. लॅपटॉप विकत घेताना एल-३ कॅशचा आकडा सहसा कोणी पाहत नाही. इथे मात्र सारा हिशेब त्या आकड्याशी येऊन ठेपतो. प्रोसेसर आठ कोअरचा असला, पण ही कॅश ८ एमबीचीच असली, तर खऱ्या अर्थाने चार थ्रेडपुरतीच सोय असते. त्यापुढे थ्रेड वाढवले की उष्णता वाढते आणि हॅश फारसे वाढत नाहीत, कधी कधी तर घटतात. एक्सएमरिग ही मर्यादा स्वतःच ओळखतो आणि तेवढेच थ्रेड लावतो. निम्मे कोअर रिकामे दिसत असल्यामुळे त्याचा हा निर्णय बदलण्याचा मोह होतो, पण मी पाहिलेल्या लॅपटॉपवर तरी त्याने निवडलेला आकडाच बरोबर ठरला.

प्रोग्राम मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर तो चालतो. देखणेपणाची मात्र अपेक्षा ठेवू नये. काळा पडदा आणि त्यावर सरकणाऱ्या रंगीत ओळी, एवढेच त्याचे रूप आहे. एका कॉन्फिग फाइलमध्ये पूलचा (अनेकांनी मिळून मायनिंग करून कमाई वाटून घेण्याच्या व्यवस्थेचा) आणि वॉलेटचा (आपल्या चलनाच्या खात्याचा) पत्ता लिहिला की काम सुरू होते. पुढे ‘एच’ दाबले की वेग दिसतो, ‘पी’ दाबले की काम थांबते आणि ‘आर’ दाबले की पुन्हा सुरू होते. सुरुवातीला झरझर निघून जाणाऱ्या ओळींपैकी एक मात्र थांबून वाचावी. रँडमएक्ससाठी २३३६ एमबी मेमरी घेतल्याचे ती सांगते. त्यांपैकी २०८० एमबी माहितीसाठ्याचे आणि २५६ एमबी तो साठा ज्यावरून तयार होतो त्या कॅशचे (ही एल-३ कॅशहून वेगळी) असतात, आणि त्यापुढे ‘ह्यूज पेजेस’ची, म्हणजे मेमरी मोठ्या तुकड्यांत वापरण्याच्या सोयीची, टक्केवारी येते. ही टक्केवारी शंभर नसेल, तर प्रोसेसर कितीही चांगला असला तरी वेग लंगडाच राहतो. विंडोजवर ती मिळवण्यासाठी प्रोग्राम एकदा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून लॅपटॉप रीस्टार्ट करावा लागतो. बरेच दिवस बंद न केलेल्या लॅपटॉपवर सलग मोकळी मेमरी उरलेली नसते, म्हणून कधी कधी नुसत्या रीस्टार्टनेही काम भागते. ४ जीबी मेमरीच्या लॅपटॉपने या फंदात पडूच नये. साठा भरल्यावर ब्राउझर उघडायलाही जागा उरत नाही.

प्रोग्राम चालू असण्याच्या वेळेपैकी १ टक्का, म्हणजे शंभर मिनिटांतले एक मिनिट, निर्मात्यांच्या खात्यात जाते. तयार मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये हा आकडा शून्यावर आणता येत नाही. पण तो लपवलेलाही नाही, सुरुवातीच्याच ओळींत ठळकपणे दिसतो, आणि इतक्या निगुतीने सांभाळलेल्या प्रोग्रामसाठी मला तो रास्त वाटतो.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे उष्णतेकडे वळतो. एक्सएमरिग वेगाचे तीन आकडे शेजारी शेजारी दाखवतो: गेल्या दहा सेकंदांचा, गेल्या साठ सेकंदांचा आणि गेल्या पंधरा मिनिटांचा. लॅपटॉपची सारी कहाणी या तीन रकान्यांत वाचता येते. प्रोसेसरला थोडा वेळ ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढण्याची मुभा असते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात आकडा असा काही चढतो की मनात लगेच गुणाकार सुरू होतात. मग ती मुभा संपते, पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात, प्रोसेसरचे तापमान ९० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि आपला जीव वाचवण्यासाठी तो स्वतःचा वेग कमी करतो. पहिला रकाना लगेच उतरतो, दुसरा मागोमाग उतरतो आणि तिसरा तर पंधरा मिनिटे होईपर्यंत रिकामाच असतो. तिसऱ्या रकान्यात येणारा आकडाच त्या लॅपटॉपचा खरा वेग होय. लोक फुशारकीने सांगतात तो बहुतेक वेळा पहिल्या रकान्यातला असतो. ज्या सडपातळ लॅपटॉपना पंखाच नसतो, त्यांच्यात या दोन आकड्यांमधले अंतर आणखी वाढते.

एक उणीव इथे नोंदवायला हवी. प्रोसेसरचे तापमान एक्सएमरिग दाखवत नाही, आणि अमुक अंशांवर काम थांबवावे अशी सोयही त्यात नाही. लॅपटॉपच्या दृष्टीने हीच सोय सर्वांत गरजेची होती. तापमानासाठी वेगळा प्रोग्राम शेजारी उघडा ठेवावा लागतो. लॅपटॉप चार्जरवरून काढला की काम आपोआप थांबवणारा आणि आपण कीबोर्डला हात लावला की थांबणारा, असे दोन पर्याय कॉन्फिग फाइलमध्ये आहेत. पहिला प्रत्येकाने सुरू करावाच. थ्रेडची संख्या निम्म्यावर आणली किंवा लॅपटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा खाली ओढली, तर वेग थोडा घटतो पण उष्णता त्याहून बरीच जास्त घटते, आणि वापरलेल्या विजेच्या प्रमाणात पाहिले तर हाच कारभार फायद्याचा ठरतो.

प्रोसेसर एवढ्याने मरत नाही. त्याची राखण करणारी व्यवस्था त्याच्यातच असते. झीज होते ती आजूबाजूच्या गोष्टींची. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी बाधतात, सतत पूर्ण भरलेले राहणे आणि सतत गरम राहणे, आणि चार्जर लावून रात्रंदिवस मायनिंग करणाऱ्या लॅपटॉपमध्ये या दोन्ही एकत्र येतात. ज्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखण्याची सोय आहे, तिथे ती वापरावी. बॅटरी फुगली तर टचपॅड वर उचलला गेल्यासारखा दिसतो किंवा खालचे झाकण टेबलावर नीट बसत नाही. असे दिसताच यंत्र बंद करून बॅटरी काढून घ्यावी, त्यात चालढकल नको. पंख्याच्या बेअरिंगचा आवाज आणि वाळलेली थर्मल पेस्ट या त्यामानाने किरकोळ बाबी आहेत.

कमाईचा हिशेब कुठल्याही चलनात न मांडता विजेत मांडला, तर प्रत्येकाला आपल्या दराने तो ताडून पाहता येईल. मोनेरोचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा नवा गठ्ठा, दर दोन मिनिटांनी येतो, म्हणजे दिवसाला ७२० ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमागे ०.६ मोनेरो मिळतात. २०२२ च्या जूनपासून हे बक्षीस इथेच स्थिर झाले आहे. एकूण दिवसाला ४३२ नवे मोनेरो तयार होतात आणि सगळ्या जगाने ते वाटून घ्यायचे असतात. साऱ्या नेटवर्कचा वेग सेकंदाला ५ गिगाहॅश (५०० कोटी हॅश) धरला आणि लॅपटॉपचा टिकाऊ वेग ३ किलोहॅश (३ हजार हॅश) धरला, तर आपल्या वाट्याला दिवसाला ०.०००२६ मोनेरो येतात. याच गतीने एक पूर्ण मोनेरो जमायला साडेदहा वर्षे लागतील. लॅपटॉप सॉकेटमधून ४५ वॅट ओढत असेल, तर तेवढ्या काळात सुमारे ४,१७० युनिट वीज जळेल. मोनेरोचा त्या दिवसाचा भाव आणि आपले वीजबिल हातात घेऊन या आकड्याशी ताडले की दुसऱ्या कोणाचा सल्ला घ्यावा लागत नाही. पूलचे शुल्क, प्रोग्रामचा १ टक्का आणि नव्या बॅटरीची किंमत मी यात धरलेलीच नाही.

पूलशिवाय एकट्याने नशीब अजमावायचे म्हटले, तर याच वेगाने एक ब्लॉक सापडायला सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ जाईल, आणि सरासरी म्हणजे हमी नव्हे. त्यामुळे पूल हवाच. पूल निवडताना शुल्कापेक्षा पैसे मिळण्यासाठी जमावी लागणारी किमान रक्कम पाहावी. ०.१ मोनेरो जमल्याशिवाय पैसे न देणारा पूल निवडला, तर वरच्या वेगाने पहिली रक्कम वॉलेटमध्ये यायला वर्षाहून अधिक काळ लागेल, आणि मधेच कंटाळून काम सोडले तर जमलेले तिथेच अडकून राहील. पी२पूल ही वेगळ्या धाटणीची सोय आहे. तीत मधला चालक नसतो, शुल्क नसते आणि ब्लॉक सापडला की वाटा थेट वॉलेटमध्ये येतो. मात्र तिच्यासाठी मोनेरोचा नोड, म्हणजे सर्व ब्लॉकची साखळी जवळ ठेवणारा प्रोग्राम, लागतो, आणि ती साखळी छोट्या एसएसडीवर ठेवणे जड जाते.

अँटीव्हायरसविषयी लिहिणे भाग आहे. एक्सएमरिग डाउनलोड होताच बहुतेक अँटीव्हायरस त्याला पकडतात, आणि त्यांचेही चुकत नाही. खुला आणि उत्तम बांधलेला असल्यामुळे हाच प्रोग्राम दुसऱ्यांच्या संगणकावर चोरून बसवणाऱ्यांचाही लाडका आहे. वेबपानात मायनिंगचा कोड टाकून वाचकाचा प्रोसेसर राबवणारी कॉइनहाइव्ह ही सेवा २०१७ मध्ये आली आणि मार्च २०१९ मध्ये बंद पडली, पण चोरून मायनिंग करण्याचा धंदा तिच्याबरोबर संपला नाही. म्हणून प्रोग्राम त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा, फाइलचा चेकसम (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे ताडण्याचा आकडा) जुळवून पाहावा आणि अँटीव्हायरस सरसकट बंद न करता फक्त त्या एका फोल्डरला सूट द्यावी. कचेरीच्या किंवा कॉलेजच्या लॅपटॉपवर तो चालवू नये. वीज आणि यंत्र दुसऱ्याचे असताना हे काम चोरीतच मोडते. एका बटणावर भरघोस कमाई दाखवणारी जी ‘मायनिंग ॲप’ फिरत असतात, त्यांचा आणि एक्सएमरिगचा काही संबंध नाही. त्यांच्यात वाढताना दिसतो तो फक्त पडद्यावरचा आकडा.

प्रोग्राम म्हणून मी एक्सएमरिगला पैकीच्या पैकी गुणांच्या जवळ ठेवीन. तापमानाची उणीव नसती तर पूर्ण दिले असते. लॅपटॉपवरील कमाईचे साधन म्हणून त्याला गुण देण्याचा प्रश्न वरच्या ४,१७० युनिटांनी निकालात काढला आहे. तरीही तो माझ्या लॅपटॉपवरून मी काढलेला नाही, तो त्यातल्या बेंचमार्कसाठी, म्हणजे वेगाच्या चाचणीसाठी. वॉलेट नको, पूल नको. दहा लाख हॅश काढायला किती सेकंद लागले ते तो सांगतो आणि शेवटी साऱ्या उत्तरांची बेरीज ठरलेल्या बेरजेशी ताडून पाहतो. थर्मल पेस्ट बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर तो एकेकदा चालवला की सेकंदांतला फरक समोर येतो, आणि बेरीज जुळली नाही तर मेमरी किंवा प्रोसेसर कुठेतरी चुकतो आहे, असे समजून यंत्र तपासायला घ्यावे.