मॅप सजवायला शिकताना: आधी अख्खा ढाचा की एकच खोली?

'काउंटर-स्ट्राइक: सोर्स' या नेमबाजीच्या व्हिडिओ गेमसाठी मॅप, म्हणजे खेळायची जागा, हॅमर एडिटर या प्रोग्राममध्ये बनवतात. त्यात ब्लॉक मांडणं बऱ्याच जणांना जमतं. भिंतीवर पाइप, खिडकीला चौकट, छताला तुळई द्यायची वेळ आली की हात थबकतो. इथे दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे अख्खा मॅप साध्या डेव्ह टेक्श्चरमध्ये (चाचणीसाठीच्या बिनसजावटीच्या पृष्ठचित्रात) उभा करून, मित्रांसोबत खेळून, मगच सजवायचा. स्पर्धात्मक मॅपसाठी हेच योग्य, कारण खेळून पाहिल्यावर भिंती सरकतातच आणि सजवलेली भिंत हलवणं जिवावर येतं. पण शेवटी ओक्याबोक्या खोल्यांची रांगच समोर उभी राहते, आणि नवखा तिथेच काम सोडतो.

दुसरी वाट: एकच खोली, पण पूर्ण. नवशिक्यांसाठी मला हीच पटते. गोदामाचा किंवा रेल्वे स्टेशनचा खरा फोटो समोर ठेवा. आधी मोठे आकार घ्या: खांब, तुळया, दाराची खाच. खेळाडूच्या उंचीच्या मापाने दार आणि कठडा तपासा. मग भिंत जमिनीला मिळते तिथे पट्टी, दोन टेक्श्चरच्या सांध्यावर काठ. सजावटीचे ब्रश (म्हणजे एडिटरमधले ब्लॉक) 'फंक डिटेल' (func_detail) या प्रकारात टाका, म्हणजे कुठून काय दिसतं याची गणना फुगत नाही. आणि प्रकाश बसवून कंपाइल केल्याशिवाय, म्हणजे मॅप गेममध्ये चालेल अशा रूपात तयार केल्याशिवाय, मत बनवू नका. एडिटरमध्ये सगळंच सपाट दिसतं. छोटी खोली झटपट कंपाइल होते, त्यामुळे बदल लगेच दिसतो. धीर येतो तो इथूनच.

अशा दोन-तीन खोल्या झाल्या की मोठा मॅप पहिल्या वाटेने करा, आणि त्यात याच चौकटी, याच तुळया कॉपी करून वापरा.