वाय नदीकाठचे कोठार: तीन मुक्काम आणि एक न लावलेला पडदा

सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या या कोठारातल्या जूनमधल्या मुक्कामाहून परतल्यावर आठवड्याभरात अनामत रकमेतून 25 पाउंड कापल्याचे पत्र आले आणि कारण लिहिले होते, ‘पूर्वेकडील काचेवर चिकटपट्टीचे डाग’. ते पत्र आले नसते तर मी चार ओळींचा बरा अभिप्राय लिहून मोकळी झाले असते. आता मात्र नऊ महिन्यांत केलेल्या तिन्ही मुक्कामांचा, म्हणजे ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि जून यांचा, हिशेब नीट मांडावासा वाटतो. खोल्या किती, वायफाय कसे, गाडी कुठे लावायची हे जाहिरातीत आहेच आणि ते खरेही आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

जागा इंग्लंडमधल्या हेरिफर्डशायरमध्ये, रॉस-ऑन-वाय आणि सिमंड्स यॅट यांच्या मधल्या पट्ट्यात, नदीच्या वळणावरच्या कुरणाला लागून आहे. मूळ इमारत धान्याच्या मळणीचे कोठार. खाली तांबड्या वालुकाश्माचे जोते, वर ओकचा सांगाडा आणि त्यावर काळपट फळ्या. अशा कोठारांना समोरासमोर दोन प्रचंड दरवाजे असतात आणि मधली जागा मोकळी असते. घर करताना भिंतींना नव्या खिडक्या पाडायला तिथले नियोजन खाते सहसा राजी नसते, म्हणून प्रकाश आत घ्यायचा तो मूळ दरवाजांच्या जागेतूनच घ्यावा लागतो. इथेही दोन्ही दरवाजांच्या जागी जमिनीपासून थेट वाशांपर्यंत अखंड काच बसवली आहे. पश्चिमेची काच अंगणाकडे उघडते, पूर्वेची नदीकडे. निजायचा माळा मधोमध, उघड्या कठड्याचा, बरोबर पूर्वेच्या काचेसमोर आहे. आणि त्या काचेला पडदा नाही. दांडी नाही, गुंडाळपट्टी नाही, साधा खिळासुद्धा नाही.

ऑक्टोबरात हे फारसे बोचले नाही. तेव्हा सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, नदीवर नऊ वाजेपर्यंत धुके असते आणि शेगडीत लाकडे पेटवून काचेसमोर बसण्यासारखे सुख नाही, हे मान्य केलेच पाहिजे. अडचण निराळीच होती. चेपस्टोपासून नदीच्या उगमापर्यंत जाणारी वाय व्हॅली वॉक ही पायवाट त्याच कुरणातून जाते आणि ती सार्वजनिक वहिवाटीची असल्याने कोणालाही अडवता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरच्या झग्यात चहा गाळत असताना हातात काठ्या घेतलेली सहा माणसे काचेसमोरून गेली आणि त्यांतल्या दोघांनी अगदी सौजन्याने हात हलवला. मीही गाळणे हातात धरूनच हात हलवला. घरी आल्यावर मालकीणबाईंना पडद्याविषयी लिहिले, तर उत्तर आले की वास्तू संरक्षित यादीत, ग्रेड टू, असल्यामुळे पडदा लावता येत नाही.

माझा स्वभाव असा की ‘येत नाही’ म्हटले की नियम वाचल्याशिवाय झोप लागत नाही. यादीतल्या वास्तूचे वैशिष्ट्य बदलेल असे काम करायचे तर संमती लागते आणि ती बाहेरच्या बाजूइतकीच आतल्या बाजूलाही लागू असते, हे खरे आहे. परंतु दोन भिंतींमध्ये ताणून बसणारी, एकही भोक न पाडता काढता-घालता येणारी दांडी म्हणजे बांधकाम असे कोणता शहाणा अधिकारी म्हणेल, हे मला आजही कळलेले नाही. ज्या सांगाड्याला स्वयंपाकघराची कपाटे आणि टीव्ही चालतो, त्याला कापडाचेच वावडे कसे? हा मुद्दा मी दोन पत्रांत मांडला आणि दोन्ही पत्रे अनुत्तरित राहिली.

तरीही फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो, कारण दर जवळजवळ निम्मा होता. आम्ही ब्रिस्टलहून जातो. सेव्हर्न पुलाचा टोल डिसेंबर 2018 मध्ये कायमचा बंद झाल्यापासून त्या बाजूची सहल खिशाला फारशी जड जात नाही. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जमिनीखालची ऊब हीट पंपावर चालते आणि ती फार सावकाश चढते. पोचल्या पोचल्या बटण वर केले तर परिणाम दुसऱ्या दिवशी दुपारी जाणवतो, आणि तेव्हा उकडते म्हणून खाली केले तर रात्री थंडी वाजते. तापमान एकदा 19 वर ठेवून त्याकडे पाहू नये. काचेजवळ मात्र पावलांना गार लागतेच, आणि सकाळी तिच्यावर आतून इतका दव साठतो की त्याचे ओघळ ओकच्या उंबऱ्यात जातात. मी रोज टॉवेलने ते पुसत होते आणि मनात पडद्याचाच पाढा म्हणत होते.

दुसऱ्या रात्री पाऊस सुरू झाला आणि थांबेचना. इथे नदीचा पूर ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. फेब्रुवारी 2020 मधल्या डेनिस वादळात हेरिफर्ड येथे वाय नदी सहा मीटरांच्या वर गेली होती. पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावर नदीची पातळी दिवसभर ताजी होत राहते. ‘अलर्ट’ म्हणजे तयारीत राहा, ‘वॉर्निंग’ म्हणजे हालचाल करा आणि ‘सिव्हियर’ म्हणजे जिवाला धोका, अशी तिची चढती भाषा आहे. आमच्यासाठी अलर्टची वॉर्निंग झाली ती पहाटे. कोठार उंचवट्यावर असल्याने सुरक्षित होते, परंतु गल्ली पाण्याखाली गेली आणि निघायच्या दिवशी निघणे अशक्य झाले. मी मनातल्या मनात एका जादा रात्रीचे पैसे मोजू लागले होते. मालकीणबाई गुडघ्याएवढे बूट घालून शेतातून चालत आल्या, दूध, पाव आणि लाकडांची एक टोपली ठेवली आणि पैशांचा विषय काढल्यावर ‘नदीने थांबवले, मी नाही’ असे म्हणून निघून गेल्या. हे नोंदवणे मला भाग आहे.

त्या दिवशी सकाळी पाऊस ओसरला. कुरणाचे तळे झाले होते, कुंपणाचे खांब तेवढे वर होते. आणि त्या खांबांच्या रांगेवरून एक पांढरे घुबड, ज्याला आपण गव्हाणी घुबड म्हणतो तेच, भर उजेडात आवाज न करता ये-जा करत होते. त्याची पिसे मऊ असल्यामुळे उडताना आवाज होत नाही, पण तीच पिसे पावसात भिजतात, त्यामुळे पावसाच्या रात्री त्याला उपाशी बसावे लागते. शिवाय पुराने बिळांतून हुसकलेले व्होल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर काठाच्या सुक्या पट्टीत गोळा झाले होते. त्याने आमच्यासमोर तीन वेळा सूर मारला, दोनदा रिकामा. तिसऱ्यांदा पायात काहीतरी घेऊन ते सरळ आमच्या डोक्यावरच्या त्रिकोणी भिंतीकडे आले आणि तिथल्या भोकात शिरले. मग उलगडा झाला. जुन्या शेतकऱ्यांनी उंदरांच्या बंदोबस्तासाठी घुबडांना मुद्दाम ठेवलेली ती वाट होती, आणि घर करतानाही तिच्या आत पेटी बसवून ती राखली होती. या पक्ष्याला ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्याचे विशेष संरक्षण आहे आणि त्याच्या विणीच्या काळात घरट्याशी छेडछाड करणे गुन्हा ठरतो. अंगणात भिंतीखाली मला त्याने ओकलेली एक काळी, चकचकीत गोळी सापडली. पाण्यात भिजवून सोडवली तर तिच्यातून केसांच्या गुंत्यात अडकलेल्या चार इवल्या कवट्या निघाल्या, नारिंगी दातांसकट.

दोन तास आम्ही त्या काचेसमोरून हललो नाही. तिथे पडदा असता तर तो उघडायला आम्ही नऊ वाजता उठलो असतो आणि खेळ संपलेला असता. म्हणून त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटले की पडद्याचे माझे म्हणणे मी मागे घेते. त्यांनी तारीख लिहून ठेवली.

जून उजाडला आणि म्हणणे पुन्हा पुढे आले. या खेपेस सासूबाई सोबत होत्या. आत पाऊल टाकताच त्यांनी एका काचेतून दुसऱ्या काचेकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, हे तर खळंच आहे. वारं आरपार जायला नको का उफणताना?” मी दोन मुक्काम करून आणि संरक्षित वास्तूंचे नियम तोंडपाठ करून जे माझ्या ध्यानात आले नव्हते ते त्यांना उंबऱ्यात कळले. दोन्ही दरवाजे उघडायचे, मधल्या जमिनीवर झोडपायचे आणि वाऱ्याच्या झोतात भुसा उडवायचा, यासाठीच ते समोरासमोर असतात. त्यांचे कौतुक रात्री दहापर्यंत टिकले, कारण तोपर्यंत बाहेर उजेडच होता. पहाटे पाचच्या आधी सूर्य थेट माळ्यावर, थेट उशीवर आला. आम्ही उठून पाहतो तो सासूबाई पदर डोळ्यांवर घेऊन बसलेल्या.

दुसऱ्या रात्री मी कपाटातली जादा चादर कठड्याला चिमट्यांनी लावली. ती वाऱ्याशिवायच घसरली. तिसऱ्या रात्री काचेवरच, रॉसच्या बाजारातून आणलेल्या कागदी चिकटपट्टीने, काळे कापड लावले. सहा पाउंड खर्च आला आणि सात वाजेपर्यंत झोप लागली. निघताना पट्टी काढली, काच कोमट पाण्याने पुसली आणि छायाचित्रही काढून ठेवले. उन्हात तिरके पाहिले तर दोन पुसट रेघा दिसतात, हे मी नाकारत नाही.

नदीविषयी जाहिरातीत ‘पोहण्याजोगी’ असे लिहिले आहे, ते काढून टाकावे. उन्हाळ्यात पाणी वाटाण्याच्या सुपासारखे हिरवे होते. या खोऱ्यात कुक्कुटपालन प्रचंड आहे आणि शेतांत टाकलेल्या खतातले फॉस्फरस वाहून नदीत येते, त्यावर शेवाळ माजते आणि तळाची पाणवनस्पती प्रकाशाअभावी मरते. 2023 मध्ये सरकारच्याच निसर्गविषयक संस्थेने नदीची स्थिती ‘प्रतिकूल आणि खालावत जाणारी’ अशी नोंदवली आहे. कनूमध्ये बसावे, पाण्यात उतरू नये.

आसपासचे पाहण्याचे म्हणाल तर सिमंड्स यॅटच्या कड्यावर जायला तिकीट नाही, फक्त गाडी लावण्याचे पैसे पडतात. एप्रिल ते ऑगस्टमध्ये समोरच्या कपारीत बहिरी ससाणे दिसतात. खाली नदी ओलांडायला पूल नाही, नावाडी डोक्यावरच्या दोराला हाताने ओढत होडी पलीकडे नेतो. गाडीने वळसा घेण्यापेक्षा ते स्वस्तही आणि मजेचेही. गुडरिचचा किल्ला एका सकाळीत होतो. 1646 च्या वेढ्यात त्याच्यावर डागलेली ‘रोअरिंग मेग’ ही बुटकी, पोटफुगी तोफ आता त्याच्याच अंगणात ठेवली आहे, हा विनोद मला आवडला. 1131 मध्ये स्थापन झालेला टिंटर्नचा मठ छप्पर नसल्यामुळेच सुंदर दिसतो. तो वेल्समध्ये असल्याने तिथे इंग्लिश हेरिटेज या इंग्लंडमधल्या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेच्या नव्या सभासदाला निम्मे तिकीट पडते आणि सभासदत्वाचे नूतनीकरण केलेल्याला काहीच पडत नाही. त्यामुळे सभासदत्वाचे पहिले वर्ष संपल्यावर जाणे फायद्याचे.

एक पावसाळी दिवस हेरिफर्डच्या कॅथीड्रलसाठी राखावा. तिथला सुमारे 1300 सालचा जगाचा नकाशा एकाच वासराच्या कातड्यावर काढलेला आहे, पूर्व वर आहे आणि मधोमध जेरुसलेम. सासूबाई त्याच्यासमोर अर्धा तास उभ्या राहून हिंदुस्थान शोधत होत्या. तो वर, नंदनवनाच्या जवळ निघाला, तेव्हा त्यांना समाधान वाटले. शेजारच्या ग्रंथालयात पुस्तके साखळीने फळ्यांना बांधलेली आहेत. हे-ऑन-वाय हे जुन्या पुस्तकांचे गाव चांगलेच आहे, परंतु तिथून रिकाम्या हाताने परत येता येत नाही आणि खर्चाचे सगळे गणित तिथे बिघडते.

आता 25 पाउंडांचे. मी मालकीणबाईंना छायाचित्रासह उत्तर पाठवले आणि लिहिले की डाग माझे असले तरी कारण त्यांचे आहे. चार दिवसांनी पैसे परत आले. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी दांडीचा माझा मुद्दा मान्य केला आहे, मात्र पडदा लावायचा तो माळ्याच्या कठड्याला, काचेला नाही, म्हणजे खाली बसून नदी आणि घुबड दिसत राहील आणि वर झोपणाऱ्याला अंधार मिळेल. इतकी सोपी तोड मला तीन मुक्कामांत सुचली नव्हती आणि त्याचा थोडा राग आहेच.

ऑक्टोबरासाठी चार रात्री राखल्या आहेत. जूनपेक्षा दर रात्रीमागे 40 पाउंडांनी कमी आहे. पडदा लागला असेल-नसेल, काळे कापड मी नेणार नाही. चिमटे मात्र नेणार आहे, कारण अंगणातल्या वाळत घालायच्या दोरीला एकही चिमटा नाही आणि त्याविषयी मी अजून त्यांना लिहिलेले नाही.