वाचून दाखवावं, की त्यालाच वाचू द्यावं?

रात्री हाताशी पंधराच मिनिटं असतात. त्यात आपण गोष्ट वाचून दाखवायची, की अडखळत का होईना, मुलालाच वाचायला बसवायचं?

आपण वाचतो तेव्हा मूल अक्षरांच्या ओझ्यातून सुटतं. 'नाइलाजाने', 'जणू', 'तेवढ्यात' असे एरवी त्याच्या बोलण्यात न येणारे शब्द कानावर पडतात. शब्द फोडून वाचायचा सराव मात्र यातून फारसा होत नाही, कारण नजर चित्रावर असते, ओळीवर नाही. तरीही मूल वाचायला लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद करू नये. त्याला ऐकून कळणाऱ्या गोष्टी त्याला वाचता येणाऱ्या गोष्टींच्या बऱ्याच पुढे असतात.

मुलानं स्वतः वाचणं हे खरं मेहनतीचं काम. मुळाक्षरं आली की गड जिंकल्यासारखं वाटतं, आणि मग वेलांटी आडवी येते. माझी मुलगी 'किती' शब्दावर हमखास थबकायची. पहिली वेलांटी दिसते 'क'च्या आधी, उच्चारायची 'क'च्या नंतर. त्यात 'र'ची सोंगं: 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'प्रकाश'मध्ये पोटात, 'ट्रक'मध्ये पायाशी. हे ऐकून येत नाही, डोळ्यांखालून पुन्हा पुन्हा जावं लागतं. म्हणून रोज नवा उतारा देण्यापेक्षा तोच तीन-चारदा वाचून घेतलेला बरा. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २०००च्या अहवालानंही मोठ्यांच्या मदतीनं केलेल्या अशा प्रकट वाचनाच्या बाजूनंच कौल दिला. 'पाठ झालंय, वाचत नाहीये' अशी शंका आली तर मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा.

याची किंमत म्हणजे वैताग, दोघांचाही. शब्द अडला की आपली जीभ शिवशिवते. चार-पाच सेकंद गप्प बसणं मला अजूनही जड जातं. 'म्हणाली'चं 'म्हणली' झालं तर मी सोडून देते.

चुकायची लाज वाटणाऱ्या मुलासाठी मधली वाट आहे. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात रॉजर मॉर्गन यांनी ती रुजवली. दोघांनी एका सुरात वाचायचं. मुलानं खूण केली, टेबलावर टकटक केली, की आपण थांबायचं आणि त्यानं एकट्यानं पुढे जायचं. अडलं तर शब्द सांगून पुन्हा सूर धरायचा. आपला आवाज चढला तर मात्र मूल नुसते ओठ हलवतं. मोबाइलवरचं ॲप अक्षरओळखीपुरतं चालेल. मूल का थबकलं हे आपल्याइतकं त्याला कळत नाही.

निवड करण्याआधी एक करून पाहा. मुलाला न वाचलेलं एक पान वाचू द्या, पुस्तक मिटा आणि काय झालं ते विचारा. सांगता आलं नाही तर तसंच दुसरं पान आपण वाचून दाखवा आणि पुन्हा विचारा. ऐकून सांगता आलं, तर अडचण अक्षरांत आहे: वेळ मुलाच्या वाचनाला द्या. ऐकूनही नाही सांगता आलं, तर शब्द आणि गोष्टच परकी आहे. तिथे 'नीट वाच' म्हणून दामटण्यात अर्थ नाही, वाचून दाखवा आणि मध्येमध्ये थांबून गप्पा मारा.

आमच्याकडे सध्या डावं पान तिचं, उजवं माझं. चित्रांची पानं डावीकडे जास्त आहेत ना, हे पाहूनच ती पुस्तक निवडते.