फोल्डस्कोप: कागदी सूक्ष्मदर्शकातून ग्रुपवर टाकण्याजोगा फोटो कसा निघतो

मोरपिसाचा एक तंतू फोल्डस्कोपमध्ये लावून फोटो ग्रुपवर टाकला की उत्तर हमखास येतं, “हे कसलं मोरपीस, ही तर नारळाची शेंडी.” म्हणणाऱ्याचं फार चुकत नाही. मोराचा निळा-हिरवा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परत फिरताना तो दिसतो. फोल्डस्कोपमध्ये उजेड मागून येऊन वस्तूच्या आरपार जातो, त्यामुळे उरतो तो पिसातल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचा तपकिरी रंग. जे पातळ आणि पारदर्शक ते इथे सुरेख दिसतं, बाकी सगळं काळं. मृगाचा किडा कितीही मखमली असला तरी त्याचा नुसता काळा गोळा होतो. त्याला साधं भिंग बरं.

स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी तयार केलेल्या या उपकरणाचा शोधनिबंध २०१४ साली आला. एका डॉलरच्या आत सूक्ष्मदर्शक बसवायचा, ही मूळ कल्पना. विकत मिळणारं किट त्याहून महाग पडतं. कागद साधा नाही, पाण्याने न भिजणारा, सहज न फाटणारा आहे. भिंग म्हणजे काचेचा एक बारीक मणी, वर्धन सुमारे १४० पट. मण्याचं भिंग हा तसा जुनाच प्रकार. सतराव्या शतकात डेल्फ्टचा कापड दुकानदार लेव्हेनहूक एकाच इवल्याशा भिंगातून पाण्यातले जीव बघत होता. मण्याचा दोषही तोच जुना: मधोमध लख्ख, कडेला धूसर. फोटो काढून झाला की कडा कापून टाका, त्यात हळहळण्यासारखं काही नाही.

जोडणीला पहिल्यांदा अर्धा तास धरा. घड्या छापलेल्या रेषेवरच, नखाने दाबून घाला. उलटी घडी पडली तर फोकसची पट्टी कायमची ढिली पडते आणि चित्र आपोआप सरकत राहतं. किटचा खरा त्रास मात्र फोन जोडताना होतो. चुंबकाची कडी कॅमेऱ्याभोवती चिकटवायची असते, आणि हल्लीच्या फोनला मागे तीन-चार डोळे. कॅमेरा १ पटीवर ठेवून एकेक डोळा बोटाने झाका. ज्यावर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो तो मुख्य. कडी त्याच्याच बरोबर मध्यावर बसवा. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी अर्धं चित्र काळं येतं. फोनचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा) मोड बंद करा, नाहीतर तो ऐन वेळी दुसऱ्याच कॅमेऱ्यावर उडी मारतो. पडद्यावर बोट दाबून धरून फोनचा फोकस लॉक करा आणि पुढचा फोकस कागदाच्या पट्टीनेच साधा. दोघांनी एकदम फोकस करायचा ठरवलं की चित्र नुसतं धडधडत राहतं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या उन्हात कडीचा गोंद सुटतो, तेव्हा फोन गाडीत तापत ठेवू नका.

उजेडासाठी मोकळं आकाश किंवा पांढरी भिंत पुरे. डोळा लावून बघताना थेट सूर्याकडे कधीच धरू नका. भिंगातून ऊन डोळ्यात जातं. बटण सेलचा दिवा असेल तर मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवा, झगझगाट जातो.

नमुना कागदाइतका पातळ हवा आणि त्यावर झाकलेली काचेची पातळ चकती भिंगाच्या बाजूला यायला हवी. चकती उलट बाजूला गेली की फोकस लागतच नाही. बहुतेक जण इथेच उपकरणाला नावं ठेवतात. पाण्याचा थेंब उन्हाळ्यात बघता बघता सुकतो, म्हणून चकतीच्या कडेने व्हॅसलीनची बारीक रेघ ओढावी.

सुरुवात कापसापासून करा, मराठवाड्यात तो कुठे शोधावा लागत नाही. कापसाचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, रेशमाचा गुळगुळीत काचेच्या कांडीसारखा. हिमरूच्या शालीच्या कडेचा सुटलेला धागा घेतला तर सूत आणि रेशीम दोन्ही एकाच चित्रात येतात. पण एवढ्यावरून “शुद्ध रेशीम” असा शिक्का मारू नका. पॉलिएस्टरची कांडीही गुळगुळीतच असते.

ग्रुपवर सगळ्यात जास्त गाजतं ते टार्डिग्रेड, म्हणजे पाणअस्वल. आठ पायांचा, साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा जीव. वाड्याच्या भिंतीवर पावसाळ्यात जी हिरवी मखमल चढते, तिचा रुपयाएवढा तुकडा घ्या. वाळलेला असला तरी चालतो. बशीत पावसाच्या पाण्यात रात्रभर उपडा भिजवा, सकाळी पिळा, आणि तळाशी बसलेल्या गाळाचा एक थेंब घ्या. दहा-पंधरा थेंबांत एखादं सापडलं तरी खूप झालं. “हे कधीच मरत नाही” अशी मीम फिरते ती खोटी. सुकून गोळा झालेल्या अवस्थेत ते बरंच काही सोसतं, २००७ साली अवकाशात नेलेल्यांतले काही जिवंतही परतले. पण जागं असताना उकळत्या पाण्यात ते सरळ मरतं. मीममधला रंगीत, फुगीर चेहरा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा असतो आणि रंग नंतर भरलेला. तुमच्या फोटोत ते पारदर्शक दिसेल, पोटात थोडं हिरवट. निराश होऊ नका, खरं तेच आहे.

आणि वेरूळ. तिथल्या लेण्यांतल्या मातीच्या लेपात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचं पुरातत्त्व खात्याच्या आणि मराठवाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली मांडलं. अजिंठ्याच्या लेपात ते आढळले नव्हते. त्यावर “म्हणूनच कैलास वरून खाली कोरला” छापाचे विनोद करणं फार सोपं. पण भांग होती ती लेपात, चिलमीत नव्हे. काही जण ही भांग म्हणजे आपली अंबाडी समजतात. ती झाडं वेगळी. हे ओळखायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला होता, फोल्डस्कोपचं ते काम नाही. लेण्यातला कण खरवडून आणायचा विचारही नको, तो गुन्हा आहे.

शेअर करताना “१४० पट” लिहिण्याला अर्थ नाही, कारण फोनच्या झूमने आणि समोरच्याच्या पडद्याने ते बदलतं. त्यापेक्षा नमुन्याशेजारी डोक्याचा एक केस ठेवा. तो साधारण ६० ते १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो, आणि बघणाऱ्याला आकार लगेच कळतो. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पिसवेचं चित्र सुमारे दीड फूट रुंद, घडी उलगडून बघायच्या पानावर छापलं होतं. तेवढी पिसू असते असं कुणाला वाटलं नाही, कारण पिसवा सगळ्यांच्या अंथरुणात होत्या. पाणअस्वल कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून केस हवाच.

शाळेसाठी घ्यायचा असेल तर चार मुलांत एक पुरतो. काचेच्या चकत्या मात्र जास्तीच्या मागवा, पहिल्याच तासाला निम्म्या फुटतात. भिंगाचा मणी ओढणीने किंवा रुमालाने पुसू नका. धूळ आधी फुंकणीने उडवा, मग ओलसर कापसाने हलका हात.