प्रश्नासकट मुलाखत : बीबीसीचं ‘हार्डटॉक’

‘हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या दिवशी मी गावात नव्हतो.’ साताऱ्याच्या कोर्टात लघुलेखिका म्हणून 31 वर्षं काढली, त्यात असली वाक्यं किती टाइप केली त्याला गणती नाही. वकील विचारतो, ‘तू त्या दिवशी गावातच नव्हतास ना?’ साक्षीदार म्हणतो, ‘नाही साहेब, होतो की.’ न्यायाधीश दोन्हीचं मिळून एक वाक्य करून सांगतात आणि ते कागदावर चढतं. प्रश्न त्यात विरघळून जातो. अगदीच गरज पडली तर प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं घेतात, एरवी नाही. वकील किती तयारीनं आला होता, साक्षीदार किती वेळ गप्प राहिला, यातलं काहीच त्या कागदावर राहत नाही. मला याची कायम चुटपुट लागून राहायची.

निवृत्त झाल्यावर भाचीनं यूट्यूबवर ‘हार्डटॉक’ लावून दिलं. दहा मिनिटं ऐकलं आणि मी तिला म्हटलं, अगं, ही तर उलटतपासणी आहे! आणि प्रश्नासकट!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबीसीनं हा कार्यक्रम 1997 मध्ये सुरू केला. पहिले मुलाखतकार टिम सेबॅस्टियन. नंतर जवळपास 20 वर्षं स्टीफन सॅकर हाच त्याचा मुख्य चेहरा, अधूनमधून झैनब बदावी आणि इतर. एक पाहुणा, एक मुलाखतकार, अर्ध्या तासाच्या आत खेळ संपतो. राष्ट्राध्यक्ष, बंडखोर, लेखक, शास्त्रज्ञ, कोणीही समोर असतो. ऑक्टोबर 2024 मध्ये बीबीसीनं खर्चकपातीत कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि मार्च 2025 मध्ये तो थांबला. जुने भाग मात्र पुष्कळ सापडतात, फुकट. म्हणूनच हे लिहायला बसले.

आपल्याकडे मुलाखत ‘रंगते’. मुंबई दूरदर्शनवर ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ लागायचं तेव्हा आमच्या घरात कोणी उठायचं नाही. पाहुणा खुलतो, आठवणी सांगतो, आपलं घर त्याच्याशी जोडलं जातं. ती कला मोठीच आहे. पण ज्याच्या हातात सत्ता आहे, ज्याच्या सहीनं लोकांचं बरंवाईट होतं, त्याला खुलवून भागत नाही. तिथे कागद समोर ठेवावा लागतो. आणि सहा चौकटींत सहा जण एकदम ओरडतात त्याला तर मी तपासणीच म्हणणार नाही. आमच्या कोर्टात असं झालं असतं तर साहेब उठून चेंबरमध्ये गेले असते.

सॅकर यांची पद्धत मला ओळखीची वाटली. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 145 : साक्षीदाराला त्याच्याच आधीच्या लेखी जबाबातली विसंगती दाखवायची. ‘पोलिसांसमोरच्या जबाबात तसे का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही’ हे वाक्य कोर्टात ज्यानं ऐकलंय त्याला त्यातली ताकद कळेल. सॅकर तेच करतात. तुम्ही अमुक साली असं म्हणाला होतात, तुमचाच जुना सहकारी तुमच्याबद्दल असं म्हणतो, मग आज हे कसं? आवाज चढत नाही. हातात कागद असला की तो चढवावा लागत नाही, हे मी चांगल्या वकिलांकडे पाहिलंय.

हवामान बदलावरचे दोन भाग मी पाठोपाठ ऐकले आणि तुम्हीही तसेच ऐका. पहिला ऑगस्ट 2019 चा, ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ या चळवळीचे एक संस्थापक रॉजर हॅलम यांचा. हे गृहस्थ म्हणाले की या शतकात सहाशे कोटी माणसं मरतील. सॅकर यांनी तिथेच पकडलं : याला विज्ञानाचा आधार कुठे आहे? पृथ्वीची काळजी मलाही आहे. आमच्या माहेरच्या गावात मार्चपासून टँकर येतो. तरीही मला तो प्रश्न पटला. आपल्या बाजूचा साक्षीदार वाढवून बोलला की केस आपलीच पडते.

दुसरा मार्च 2024 चा, दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाचे अध्यक्ष इरफान अली यांचा. यातला तुकडा तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलाच असेल. 1838 पासून कलकत्त्याहून गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले मजूर नेले गेले तो हा देश. आजही तिथले सुमारे 40 टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत, अलीही त्यातलेच. लोकसंख्या आठेक लाख. 2015 मध्ये समुद्रात तेल सापडलं आणि देशाचं नशीब पालटलं. सॅकर यांनी मांडलं की तुमच्या समुद्रतळातल्या या तेल-वायूतून 200 कोटी टनांहून जास्त कार्बन हवेत जाईल. अलींनी त्यांना मध्येच थांबवलं. आमचं जंगल इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून होईल एवढं आहे, त्यात 1,950 कोटी टन कार्बन साठलेला आहे आणि ते आम्ही जिवंत ठेवलंय, ते म्हणाले. मग त्यामुळे तुम्हाला हा कार्बन सोडायचा हक्क मिळतो का, असं सॅकर यांनी विचारलं. अलींनी उलट विचारलं की यावरून आम्हाला उपदेश करायचा हक्क तुम्हाला कुठून मिळाला?

आमच्या कोर्टात साहेबांनी लगेच सांगितलं असतं, ‘प्रश्न विचारू नका, उत्तर द्या.’ इथे मात्र साक्षीदारानंच वकिलाची तपासणी घेतली, आणि बीबीसीनं ती जशीच्या तशी दाखवली. त्याबद्दल मला या कार्यक्रमाचा आदर वाटतो. फोनवर फिरणाऱ्या तुकड्याबद्दल मात्र नाराजी आहे. त्यात अलींचा जोर तेवढा राहिला आणि 200 कोटी टनांचा प्रश्न गळून पडला. माझ्या टाइप केलेल्या कागदासारखंच झालं की हे! अलींचं म्हणणं खरं आहे, जंगल राखणाऱ्याला जगानं काय दिलं हा सवाल रास्तच आहे. पण तो कार्बन हवेत जाणार तो जाणारच, तो कुणाचा वंश बघून थांबत नाही. दोन्ही मनात धरायचं असेल तर अख्खा भाग ऐकायला हवा.

झैनब बदावी यांची सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष ओमर अल बशीर यांच्याशी 2009 ची मुलाखत मला सगळ्यांत जास्त लागली. सुदानच्याच दारफूर भागातल्या अत्याचारांसाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं त्याच वर्षी मार्चमध्ये बशीर यांच्यावर अटकेचं वॉरंट काढलं होतं. वॉरंट निघालेला माणूस समोर, तोही सत्तेवर बसलेला, आणि विचारणारी बाई जन्मानं सुदानचीच, लहानपणी लंडनला गेलेली. तो आरोप नाकारतो, ती पुन्हा विचारते. खालच्या पट्टीत, त्याला मान देऊन, पण जागचं न हलता. मी आयुष्यभर पुरुष वकीलच जास्त पाहिले. तिला ऐकताना मी दोनदा फोन थांबवला आणि मागे नेला.

उणिवाही सांगते. वेळ फार कमी आहे. पाहुणा कुठे मूळ मुद्द्यावर यायला लागतो आणि पुढचा प्रश्न येऊन आदळतो. सूचक प्रश्न, म्हणजे ज्यात उत्तर आधीच भरलेलं असतं असे प्रश्न, उलटतपासणीत चालतात, कलम 143 नं मुभाच होती. पण सगळेच तसे असले की ऐकणारा दमतो. शिवाय ज्याची इंग्रजी दुसरी-तिसरी भाषा आहे, तो या वेगात मार खातो. माणदेशातली बाई पिंजऱ्यात उभी राहून शहरी वकिलाच्या पुस्तकी मराठीला अडखळत उत्तर द्यायची, तेव्हा ती खोटं बोलतेय असं वाटायचं. ती फक्त शब्द शोधत असायची. ‘हार्डटॉक’ ऐकताना ही गोष्ट विसरू नका. लेखक-कलावंतांचे भागही त्यामुळेच मला कमी भावले, कवीला कसली विसंगती दाखवता?

इंग्रजीची धास्ती असेल तर यूट्यूबवर वेग 0.75 करा आणि खालची अक्षरं चालू ठेवा. मी इंग्रजी लघुलेखन शिकलेली आहे, तरी पहिला महिनाभर तसंच ऐकलं. एका दिवशी एकच भाग पुरे. वर्तमानपत्रात बातमी वाचून मग भाग ऐकलात तर जास्त पदरात पडेल. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांना तर मी हे हाताला धरून ऐकवीन.

माझी लघुलेखनाची एक कोरी वही उरली होती. आता सकाळी चहा झाला की ती घेऊन बसते, एक भाग लावते आणि फक्त प्रश्न उतरवून घेते. बदावींचे झालेत. गयानाचा भाग उद्या पुन्हा लावणार आहे.