हार्थस्टोन, अरीना की स्नॅप: डेक बांधायला शिकायचं तर कुठे?

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन, दादा कार्ड गेम शिकायचाय, म्हणजे कुणाचा तरी डेक कॉपी मारून खेळायचं नाही, स्वतः बांधायचाय, तर कुठला घेऊ? मी एवढं बोलत सुटलो की त्याने मध्येच "बरं चल ठेवतो" म्हणून कट केला. म्हणून इथे लिहितोय, अजून कुणाला हाच प्रश्न असेल तर.

आपल्याला मेंढीकोट, रमी, बदाम सात खेळून पानांची सवय असते, पण तिथे कॅट सगळ्यांचा एकच, वाट्याला आलं ते खेळायचं. या तीन ऑनलाइन कार्ड गेममध्ये प्रत्येकजण आपापला कॅट, म्हणजे डेक, घरून बांधून आणतो. ग्राफिक्स, स्टोरी वगैरे मी सोडून देतोय, ते यूट्यूबवर बघा. शिकणाऱ्यासाठी मी दोनच गोष्टी बघतो: डेक चुकला तर खिशाला किती लागतं, आणि नक्की कुठे चुकलं ते तुमचं तुम्हाला कळतं का.

हार्थस्टोन 2014 चा, म्हणजे यातला सगळ्यात जुना. 30 कार्डं, एकच कार्ड जास्तीत जास्त दोनदा, लेजंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ प्रकारचं असेल तर एकदाच. एक क्लास, म्हणजे आपल्या हिरोचा प्रकार निवडायचा आणि त्या क्लासची आणि न्यूट्रल (कुठल्याही क्लासला चालणारी) कार्डं मिळून डेक करायचा, त्यामुळे सुरवातीलाच अर्धा पसारा कमी होतो. माना, म्हणजे कार्ड खेळायला खर्च करायची शक्ती, आपोआप वाढतो, पहिल्या टर्नला 1, दुसऱ्याला 2, असं 10 पर्यंत, त्यात काहीच नशीब नाही. म्हणजे डोक्याला एकच काम उरतं, कुठल्या टर्नला काय खेळणार. यालाच कर्व म्हणतात. माझा पहिला मेजचा (जादूगार क्लासचा) डेक म्हणजे जे जे मोठं आणि भारी दिसलं ते सगळं, सात मानाच्या खाली फारसं काही नाहीच. चौथ्या टर्नपर्यंत मी हातात पानं धरून बसलोय आणि समोरचा दणादण मारतोय. चूक कळायला कुणी सांगावं लागलं नाही.

पैशांचं म्हणाल तर नको असलेलं कार्ड फोडून डस्ट मिळतो आणि त्यातून हवं ते बनवता येतं. लेजंडरी बनवायला 1600, फोडलं तर 400, म्हणजे चार फोडाल तेव्हा एक हवं ते मिळणार. कॉमन तर 40 ला बनतं आणि फोडून फक्त 5 मिळतात. भाव बेकार आहे पण निदान काहीतरी परत येतं हो.

आता अरीना, म्हणजे मॅजिक द गॅदरिंगचं डिजिटल रूप. मूळ कागदी खेळ 1993 चा, आणि डेक बांधणं खरं काय असतं ते इथे कळतं कारण इथे माना पण तुम्हीच डेकमध्ये घालायचा, लँड नावाच्या कार्डांनी. कमीत कमी 60 कार्डं, एक कार्ड चारदा, बेसिक लँड कितीही. त्या 60 मध्ये साधारण 24 लँड धरतात, एकदम फास्ट डेक असेल तर थोडे कमी. मी काय केलं माहितीये? कुठेतरी "17 लँड घ्या" वाचलं आणि घेतले की 17. ते 17 ड्राफ्टसाठी, म्हणजे पाकिटांतून एकेक कार्ड निवडत डेक करायच्या प्रकारासाठी असतात जिथे डेकच 40 कार्डांचा असतो, हे मला आठवडाभराने कळलं, तोपर्यंत हातात तीन-तीन मानाची मस्त कार्डं आणि समोर दोन लँड, तेच ते. नंतर हिशोब करून बघितला. 60 मध्ये 24 लँड असतील तर पहिल्या सात पानांत एक किंवा शून्य लँड यायची शक्यता साधारण 14 टक्के, म्हणजे सातात एकदा. 17 असतील तर 35 टक्के, म्हणजे दर तिसऱ्या गेमला बोंब. आणि कुणी म्हणेल अरीना एका गेमच्या मॅचमध्ये सुरवातीचा हात जरा सावरून देतो, तर हो देतो, पण तो तुमच्याच डेकचं प्रमाण बघून देतो, तुम्ही 17 घातले तर तो आपला दोन लँडवाला हात काढून देणार, त्याची काय चूक.

मुद्दा हा की इथे चूक लवकर कळत नाही. हरलो ते लँडमुळे, नशिबामुळे की कार्डंच भिकार होती, सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. वर वाइल्डकार्ड, ते खर्च करून हवं ते कार्ड घ्यायचं, पण फोडून परत काही मिळत नाही, गेलं ते गेलं. पण एक गंमत आहे, बेसिक लँड फुकट आणि अमर्याद, म्हणजे सगळ्यात मोठा धडा गिरवायला एक पैसा लागत नाही. गेम जे तयार डेक देतो त्यातलाच एक घ्या, 22 लँडवर वीस गेम खेळा, मग 25 वर वीस खेळा, फरक हाताला जाणवतो. पहिला महिना रेअर वाइल्डकार्डला हात लावू नका. आणि फोनवर खेळणार असाल तर चष्मा जवळ ठेवा, कार्डावरचा मजकूर एवढासा दिसतो.

स्नॅप, 2022 चा, मार्व्हलवाला. फक्त 12 कार्डं, कुठलंच दोनदा नाही, सहा टर्न, पहिल्या टर्नला 1 एनर्जी (इथला माना) आणि सहाव्याला 6, तीन-चार मिनिटांत खेळ खल्लास. साधारणपणे सहाव्या टर्नपर्यंत 12 पैकी 9 कार्डं हातात आलेली असतात, त्यामुळे "माझं पान आलंच नाही" हे रडगाणं फार चालत नाही. नव्या माणसाचा डेक म्हणजे स्क्विरल गर्ल, अँट-मॅन अशी एक एनर्जीवाली छोटी कार्डं भरायची आणि का-झार टाकून सगळ्यांची ताकद एकेकाने वाढवायची. छान चालतं, आणि मग एक दिवस समोरचा किलमंगर टाकतो आणि एक एनर्जीची सगळी कार्डं साफ. त्या एका क्षणात सगळी अंडी एका टोपलीत का ठेवायची नाहीत ते कळतं.

वैताग एवढाच की हवं ते कार्ड हवं तेव्हा मिळत नाही. टोकन साठवून घेता येतात पण ते कासवाच्या चालीने, बाकी जे येईल त्यात भागवायचं. म्हणून आयडिया डोक्यात असते आणि त्यातली दोन कार्डंच नसतात. मग तो डेक बांधणं कमी आणि फ्रिजमध्ये उरलंय त्यात भाजी करणं जास्त.

मला विचाराल तर महिनाभर हार्थस्टोन, कर्व अंगात भिनला की लॅपटॉपवर अरीना, आणि ज्याच्याकडे रोज अर्धा तास पण नाही त्याने सरळ स्नॅप. तिन्ही एकदम सुरू करू नका, मी केलंय, डेली क्वेस्ट, म्हणजे गेमने रोज दिलेली कामं, ही दुसरी नोकरी होते.

भावाने अर्थात स्नॅपच घेतला, लोकलमध्ये बसतो म्हणे. काल डेकचा स्क्रीनशॉट पाठवला, 12 पैकी 5 कार्डं सहा एनर्जीची. मी अजून रिप्लाय दिला नाहीये.